पाच रंगांचं रान

शालन हुंद्रे बंगळूरला आली ती नकाशांच्या मागोमाग. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची फेररचना झाली. बेळगाव आणि कारवार हे जिल्हे मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात आले आणि तिथल्या जंगलांचे नकाशे पत्र्याच्या नळकांड्यांत भरून बंगळूरला रवाना झाले. शालन बेळगावच्या वनकचेरीत ट्रेसर होती. मूळ नकाशावर आरपार दिसणारं मेणकापड अंथरायचं आणि त्यावर शाईनं हुबेहूब रेघ उतरवायची, हे तिचं काम. नकाशे गेले तशी तिचीही बदली झाली. वय जेमतेम बावीस, अंगानं किरकोळ, बोलणं कमी. पण एकदा एखादी गोष्ट विचारायची ठरवली की समोर कोण आहे हे ती बघत नसे.

तिचे वडील ज्योतिबा खानापूरकडच्या जांबळेवाडीच्या रानात फॉरेस्ट गार्ड होते. लहानपणी उन्हाळ्यात ती आईबरोबर त्यांची भाकरी घेऊन रानात जायची. वणवा विझवून बसलेल्या माणसांच्या भुवया जळलेल्या असत, आणि तरी ती माणसं कांदा फोडून हसत जेवत. आग कशी चालते हे तिनं तिथं पाहिलं होतं. गवतातली आग पळते आणि लवकर मरते. पाल्यातली आग रांगते, पण एखाद्या वठलेल्या ओंडक्यात घुसून बसली की चार दिवसांनी पुन्हा डोकं वर काढते. चढावर ती माणसापेक्षा जोरात धावते. हे कुणी तिला शिकवलं नव्हतं आणि पुढं आपल्याला याचा उपयोग होईल, असंही तिला कधी वाटलं नव्हतं.

बंगळूरला चामराजपेटेत तिची आत्या गंगव्वा राहत होती. तिच्या दोन खोल्यांत शालनची ट्रंक आणि ड्रॉइंग बोर्ड कसाबसा मावला. कचेरी होती मल्लेश्वरमच्या बाजूला, एका जुन्या बंगल्याचा व्हरांडा काचा लावून बंद केला होता तिथं. नकाशा-विभागाचे मुख्य होते हंबीरराव. त्यांचं मराठा घराणं कित्येक पिढ्या बंगळुरातच राहिलेलं. त्यामुळं त्यांचं मराठी असं, की निम्मं कानडी निघून गेलं तर उरलेलं उभंच राहू नये. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "बा, ये शालनक्का. शाई इथं, कापड तिथं. स्वल्प सांभाळून हां, त्या टेबलाचा एक पाय लंगडा आहे." वयानं ते तिच्या दुपटीहून मोठे, तरी तिला अक्का म्हणत. ती त्यांना अण्णा म्हणू लागली.

कामाचा मात्र सगळा गोंधळ होता. नवं राज्य पाच ठिकाणांहून जोडलेलं आणि पाचही ठिकाणचे नकाशे वेगळ्या मापाचे. हैदराबादकडून आलेल्यांवर आकडे उर्दू, मद्रासकडच्यांवर गावांची नावं तिसऱ्याच वळणाची. बेळगावच्या नकाशात सरहद्दीवर संपणारी नदी म्हैसूरच्या नकाशात अर्धा मैल खाली सुरू व्हायची. शालननं पहिलं वर्ष या नद्या एकमेकींना भेटवण्यात घालवलं.

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात राज्यात जागोजाग वणवे पेटले. त्यानंतर एके दिवशी मल्लाप्पा नावाचे मोठे वनाधिकारी व्हरांड्यात आले. डेहराडूनला शिकलेले, उंच, फिरतीच्या बुटांना नेहमी लाल माती लागलेली. मोठ्या टेबलावर हात टेकून ते कानडीत म्हणाले, "आपल्याकडे राखणदार मूठभर आणि जंगल एवढं अफाट. सगळीकडे थोडे थोडे वाटले की कुठंच पुरत नाहीत. मला आगीचा एकच नकाशा हवाय, सगळ्या राज्याचा. कुठं आधी माणसं पाठवायची, ते त्यावरून कळलं पाहिजे."

हंबीररावांनी मान डोलावली. "होईल सर. आजवर कुठं कुठं आगी लागल्या ते लाल करतो."

शालननं कापडावरची लेखणी उचलून बाजूला ठेवली. "सर, जळलेली रानं दाखवायची, की जळू शकतील ती?"

मल्लाप्पांनी तिच्याकडं पाहिलं. "फरक सांगा."

"जे रान काल जळलं त्यात यंदा जळायला काही उरलं नसेल. आणि जे वीस वर्षं जळलं नाही, तिथं वीस वर्षांचा पाला साठलाय."

मल्लाप्पांनी खुर्ची ओढली आणि ते बसले. हा प्रश्न त्यांच्याही मनात बरेच दिवस होता. परदेशात असे प्रयत्न झाल्याचं त्यांनी वाचलं होतं, पण तिथली झाडं वेगळी आणि माणसंही वेगळी. त्या दुपारी तिघांनी मिळून प्रत्येक रानाला विचारायचे प्रश्न ठरवले. कोरडे महिने किती? जमिनीवर काय आहे, गवत, पाला की वठलेली लाकडं? चढ केवढा? आतून कोण जातं, गाडीवाट आहे की कोळशाचं इंजिन ठिणग्या उडवत जाणारी रेल्वे? पूर्वी आग कधी लागली होती? आणि लागलीच, तर पाणी आणि माणसं किती लांब? प्रत्येक उत्तराला गुण द्यायचे, गुणांची बेरीज करायची आणि त्यावरून रानाला पाचांपैकी एक दर्जा द्यायचा. पहिला दर्जा म्हणजे सगळ्यात धोक्याचा, त्याचा रंग लाल. मग नारिंगी, पिवळा, फिका हिरवा आणि शेवटचा गडद हिरवा.

बोलायला सोपं होतं. करायला दोन वर्षांहून जास्त लागली. रेंजरांकडून माहिती यायची ती कधी अर्धी, कधी डोळे मिटून भरलेली. एका रेंजरनं डोंगर सपाट म्हणून कळवला, तेव्हा शालन म्हणाली की मी स्वतः बघून येते. बिनलग्नाच्या पोरीनं साहेबाच्या जीपमधून रानोमाळ फिरायचं म्हटल्यावर गंगव्वानं पदर खोचला, चिवड्याचा डबा घेतला आणि तीही जीपमध्ये जाऊन बसली. पुढच्या सगळ्या फिरतीत ती होती. शालन आणि मल्लाप्पा उतारावर टेप धरून उभे असत, तेव्हा गंगव्वा सावलीत बसून गार्डांच्या बायकांशी गप्पा मारायची. इकडं गवत कधी कापतात, मोहाची फुलं वेचायला कोण जातं, पायवाट कुठली, हे बायका तिला न विचारता सांगत. परतताना ती ते शालनला सांगे. मल्लाप्पा एकदा हसून म्हणाले, "तुमच्या आत्यांना भत्ता लावायला हवा."

साठ साली नकाशा पुरा झाला. भिंत भरेल एवढा. सगळ्या कचेरीतली माणसं तो बघायला आली. हंबीरराव शिसपेन्सिलीच्या टोकानं एकेक शिवण दाखवत होते. कुठली नदी कशी जुळवली, कुठला डोंगर कुणी मोजला. आपल्या माणसांचं काम दुसऱ्यांना दाखवताना त्यांचा आवाज बदलत असे. नकाशाप्रमाणं त्या वर्षी राखणदार नव्यानं वाटले गेले, लाल रानांत टेहळणीचे माच उभे राहिले, आणि त्यातली दोन रानं पहिल्यांदाच उन्हाळाभर शाबूत राहिली.

शालन दिवाळीला जांबळेवाडीला गेली, तेव्हा ज्योतिबा नुकतेच निवृत्त झाले होते. दारात बसून त्यांनी तिला विचारलं, "आपलं रान कुठल्या रंगात घातलंस गं?"

"पिवळ्या. तिसरा दर्जा."

"तिसरा?" त्यांनी समोरच्या डोंगराकडं हात केला. मग म्हणाले, "जलम गेला माझा त्या रानात. एक माच उभा राहिला असता तर पोरांचे हाल वाचले असते की. तुझ्या हातात हाय म्हणत्यात."

"माझ्या हातात रेघ आहे, बाबा. गुण रानाचे."

त्यांना ते आवडलं नाही. चार दिवस ते तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलले. परतताना एसटीत बसल्यावर शालनला रडू आलं; पण बंगळूरला पोचल्यावर तिनं जांबळेवाडीचे गुण पुन्हा एकदा तपासले, ते तिसऱ्या दर्जाचेच निघाले, आणि तिनं ते तसेच ठेवले.

एकसष्टच्या श्रावणात ज्योतिबा बहिणीला भेटायला बंगळूरला आले. राग केव्हाच निवला होता. रात्रीची जेवणं चालली होती. गंगव्वानं भात वाढला तसे ते म्हणाले, "औंदा आमच्याकडं कळकाचा भात खाल्ला सगळ्यांनी. कळक फुलला न्हवं उन्हाळ्यात. मी पोर असताना फुलला हुता, तवापास्नं आत्ताच. बी असं पडलं, की बायकांनी सुपानं गोळा केलं."

शालनचा घास हातात राहिला. "सगळा फुलला?"

"डोंगरच्या डोंगर. आता बेटं पिवळी पडायलीत."

कळक, म्हणजे बांबू, जन्मात एकदाच फुलतो, आणि फुलला की मरतो. हे शालनला माहीत होतं, पण नकाशाच्या प्रश्नांत ते कुठंच नव्हतं. हिरव्या कळकाचं रान ओलसर म्हणून तिनं त्याला कमी गुण दिले होते. तेच रान येत्या फाल्गुनात उभ्या वाळलेल्या काठ्यांचं होणार होतं, शेंड्यापासून बुडापर्यंत. पेटलं तर ते गवतासारखं पळेल आणि ओंडक्यासारखं टिकेल.

तिला तो धोका जेवढा स्पष्ट दिसला, तेवढीच दुसरीही गोष्ट दिसली. आता उठून जांबळेवाडीचा दर्जा वाढवा म्हणायचं, म्हणजे बापाच्या शब्दावरून लेकीनं नकाशा फिरवला असंच सगळे म्हणणार. आणि म्हणणाऱ्यांना दोष देता येणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं मल्लाप्पांना आणि हंबीररावांना एकत्रच गाठलं. कळकाचं सांगितलं, आणि त्याआधी हेही सांगितलं की ही बातमी माझ्या वडिलांकडून आलीय, गाव माझं आहे, आणि गेल्या वर्षी त्यांनी दर्जा वाढवायला मला सांगितलंही होतं.

हंबीरराव गंभीर झाले. "अक्का, तुझ्यावर माझा विश्वास आहे. पण नकाशा छापून गेलाय. राखणदार आहेत तेवढेच आहेत. एक रान वर चढवायचं तर दुसऱ्याची माणसं काढावी लागतात. राज्याच्या पूर्वेकडच्या टेकड्यांवरून काढणार ना? तिथल्या लोकांना काय सांगायचं?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. शालननं ते नाकारलं नाही. "म्हणून मी जाणार नाही बघायला. दुसऱ्या कुणाला पाठवा. आणि फक्त जांबळेवाडीला नको. जिथं जिथं कळक आहे तिथं तिथं विचारा."

मल्लाप्पांनी तसंच केलं. सगळ्या रेंजना तार गेली आणि पश्चिमेकडं ते स्वतः गेले. परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती. कळक एका गावात फुलला नव्हता. घाटाच्या अंगानं लांबच लांब पट्टा फुलला होता. सगळ्यात दाट होतं हलसाळचं खोरं, जांबळेवाडीपासून दोन डोंगर पलीकडं. नकाशावर ते फिकं हिरवं होतं, चौथ्या दर्जाचं, म्हणजे तिथं राखणीला जवळजवळ कुणीच नव्हतं.

गुण पुन्हा मांडले. या खेपेला बेरजा हंबीररावांनी स्वतः केल्या. हलसाळचं खोरं एकदम लाल झालं. जांबळेवाडी तिसऱ्यावरून दुसऱ्यात गेली. माच आणि माणसं अर्थातच हलसाळला मिळाली. शालनच्या गावाला या सगळ्यातून एक जाळरेषा तेवढी मिळाली. म्हणजे आग पलीकडं जाऊ नये म्हणून रानातून आडवा, गवत कापून मोकळा केलेला पट्टा.

हंबीररावांनी टाक खाली ठेवला. "तुझ्या गावाला माच नाही मिळाला."

"नाही."

"बाबांना काय सांगशील?"

"त्यांना हलसाळचं खोरं माहीत आहे, अण्णा. त्यांना सांगावं लागणार नाही."

ज्योतिबांनी खरंच काही विचारलं नाही. उलट जाळरेषा कापायला गावातून माणसं लागणार म्हटल्यावर निवृत्त झालेला हा गार्ड सगळ्यांच्या पुढं कोयता घेऊन उभा राहिला.

मार्चमध्ये हलसाळ पेटलं. आग कशी लागली ते शेवटपर्यंत कळलं नाही. माचावरच्या राखणदारानं सकाळी धूर पाहिला आणि दुपारपर्यंत तीन गावांची माणसं पोचली. वाळलेल्या कळकाची पेरं बंदुकीच्या बारासारखी फुटत होती. आवाजानं बैल दावी तोडून पळाले. खोऱ्याचा बराच भाग गेला, पण खाली वस्ती होती तिथं आग उतरायच्या आत माणसांनी समोरून उलटी आग लावून, मधलं जळण आधीच संपवून तिला अडवलं. एक जिभली मात्र डोंगर ओलांडून जांबळेवाडीकडं आली. तिथं ज्योतिबा आणि गावकरी हिरवे डहाळे घेऊन जाळरेषेवर उभे होते. रात्रभर त्यांनी ती रेषा धरून ठेवली. ज्योतिबांच्या तळपायाला भाजलं, दोघातिघांचे हात पोळले. जीव कुणाचा गेला नाही.

बातमी कळल्यावर शालन, गंगव्वा आणि मल्लाप्पा जीपनं निघाले. राख अजून गरम होती. शालन जळलेल्या हद्दीवरून चालत राहिली. थोड्या थोड्या अंतरावर थांबून नकाशावर खूण करायची आणि पुढं जायची. दोन ठिकाणी आगीनं तिच्या अंदाजापेक्षा वेगळी वाट घेतली होती. तेही तिनं टिपलं. मल्लाप्पा म्हणाले, "शालनबाई, आज एवढं नको. खालची वस्ती वाचलीय. थोडं थांबा."

"हे आजच दिसतंय, सर. पाऊस पडला की पुसेल."

संध्याकाळी ती घरी गेली. ज्योतिबा ओटीवर पाय पसरून बसले होते, तळव्याला कोरफड बांधलेली. ती त्यांच्या पायाशी बसली.

"हलसाळला माणसं नसती, तर ती सगळी आग आमच्यावर आली असती," ते म्हणाले. "माच हितं बांधला असता तर आम्हाला धूर दिसला असता, एवढंच." आणि मग, "बरोबर केलंस."

शालननं मान हलवली. तिनं कोरफडीची पट्टी सोडून नवी बांधली. ज्योतिबा तिच्या हाताकडं बघत राहिले. नखांत शाई होती आणि तिच्यावर राख बसली होती.

बंगळूरला परतल्यावर तिला आणखी एक गोष्ट कळली. पूर्वेच्या टेकड्यांवरून माणसं काढली होती, तिथंही त्याच महिन्यात गवत पेटलं होतं. आग छोटीच, पण एका धनगराची झोपडी आणि काही मेंढरं गेली. अहवालात हे दोन ओळींत होतं. शालननं हट्ट धरला की हलसाळ वाचल्याचं लिहाल तिथंच, त्याच पानावर, हेही लिहा. "माणसं इकडून तिकडं गेली म्हणून हे झालं. वरच्यांना दोन्ही दिसू देत. नाहीतर त्यांना वाटेल, रंग बदलले की काम झालं, आणखी माणसं लागतच नाहीत."

मल्लाप्पांनी तसं लिहिलं आणि तो अहवाल घेऊन स्वतः वर जाऊन भांडले. पुढच्या वर्षी पूर्वेच्या टेकड्यांना त्यांची माणसं परत मिळाली. धनगराला भरपाई मिळायला मात्र फार वेळ लागला. शालन त्याच्यासाठी कचेरीच्या एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात राहिली.

हलसाळनंतर तिनं नकाशाची पद्धतच बदलली. डोंगर, नद्या, वाटा हे खालच्या कागदावर कायमचे. दर्जाचे रंग मात्र वेगळ्या पारदर्शक कापडावर, आणि ते कापड दरवर्षी पाऊस संपल्यावर नवीन. रान दरवर्षी बदलतं, तर आपलंही कापड बदललं पाहिजे, असं ती म्हणायची. सुरुवातीला हंबीरराव कुरकुरले. दरवर्षी एवढं काम कोण करणार? मग त्यांनीच कापड ताणून बसवायची लाकडी चौकट बनवून आणली, चारी बाजूंनी पितळी चिमटे लावून. पासष्ट साली ते निवृत्त झाले आणि त्यांची खुर्ची शालनला मिळाली. बाई मुख्य म्हणून दोघा ड्राफ्ट्समननी बदली मागितली. शालननं दोघांच्याही अर्जावर सही केली आणि त्यांच्या जागी दोन मुली घेतल्या. लंगडं टेबल तेवढं तिनं दुरुस्त करून घेतलं.

नव्या ट्रेसरला ती लगेच रंगाला हात लावू देत नसे. आधी उन्हाळ्यात एक आठवडा रानात पाठवायची, राखणदारांबरोबर. कल्पना नावाची एक मुलगी परत आली ती उन्हानं काळवंडून, केसांत धुराचा वास घेऊन. म्हणाली, "बाई, तिथं सगळं सारखंच वाळलेलं दिसतं. एक रान लाल आणि शेजारचं पिवळं, हे कळायचं कसं?"

शालननं तिच्यासाठी स्टूल ओढलं, बाहेरून बाय-टू, म्हणजे एक कॉफी दोघींत, मागवली आणि त्या वर्षीचं कोरं कापड चौकटीवर ताणायला घेतलं.

"बस," ती म्हणाली. "तू चाललीस ती वाट आधी सांग. जमिनीवर काय होतं, तिथून सुरू कर."